फकिराची हजेरी आणि घाटाखालचे कातकरी

बोरघाट उतरलं की खोपोली, म्हणजे खालापूर तालुका, आणि उजव्या अंगाला कर्जत. देशावरून पायी मुंबईला जाणाऱ्यांची जुनी वाट हीच. 1930 नंतरच्या दशकात वाटेगावच्या एका मांग कुटुंबानं असाच पायी मुंबईचा रस्ता धरला. त्यांतला तुकाराम नावाचा पोरगा म्हणजे पुढचे अण्णाभाऊ साठे. त्यांची ‘फकिरा’ 1959 साली आली. ती वाचताना मला मात्र वारणाकाठापेक्षा आपल्या डोंगरातल्या वाड्या आठवत राहतात.

फकिराचा बाप राणोजी गावाच्या मानासाठी जोगिणी आणायला जातो आणि जीव गमावतो. गावाला त्याचं शौर्य हवं असतं. पण म्हणून मांगवाडा काही गावात येत नाही. मग दुष्काळ पडतो. माणसं अन्नाविना मरू लागतात आणि फकिरा धान्याचं कोठार फोडतो. कुलकर्णी विष्णुपंत या माणसांची बाजू घेतो, हे अण्णाभाऊंनी आवर्जून दाखवलं आहे. सगळा गाव त्यांनी काळा रंगवलेला नाही.

पण माझ्या मते कादंबरीचा खरा काटा आहे तो हजेरीत. चोरी कुणी केली हा प्रश्नच नाही. मांग म्हणून जन्मला, त्यानं हजेरी द्यायची! गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा 1871 चा, 1911 च्या कायद्यानं त्याची व्याप्ती देशभर वाढली, आणि तो रद्द व्हायला 1952 उजाडलं. हजेरीला बांधलेला माणूस लांब मजुरीला जाणार कसा? आणि मजुरी नाही म्हणजे पुन्हा भूक. शेवटी फकिरा शरण येतो तोही लढाईत हरून नव्हे. सरकारनं त्याची बायकामाणसं धरून ठेवली, म्हणून.

आता आपल्याकडे पाहा. खैराचा गाभा उकळून काथ काढणारे ते कातकरी. त्यांचं नावच धंद्यावरून पडलेलं. 1878 च्या जंगल कायद्यानं रानं राखीव होऊ लागली आणि बापजाद्यांचा धंदा गुन्हा ठरला. रानात कोयता घेऊन दिसला की चोर, हा हिशेब इथंही तोच. पोटासाठी मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, पुढे वीटभट्ट्या. पावसाळ्यात उचल घ्यायची आणि ती फेडायला पोराबाळांसकट हंगामभर भट्टीवर राहायचं. ज्या वाडीत पिढ्या गेल्या तिची जमीनही पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्याच नावावर. जागेला भाव आला की कुंपण पडतं.

भुकेचं उत्तर फकिरानं कोठार फोडून दिलं. आपल्या तालुक्यात एकानं कोठार उभारून दिलं. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल. जातीनं नाभिक, शिक्षणानं वकील. सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून त्यांनी डोंगरातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. 1942 च्या चळवळीत भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभा केला, तेव्हा त्यांना रानवाटा आणि आसरा मिळाला तो याच लोकांमुळं. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील गोळीला बळी पडले. सरकारी भाषेत तेही तेव्हा दरोडेखोरच होते.