'नफ्सियात' ते 'मानसशास्त्र' : एका विषयाची भाषा

एखाद्या प्रदेशात कोणते विषय शिकवले गेले, याच्या नोंदी सहज सापडतात; ते कोणत्या भाषेत शिकवले गेले, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. नांदेड-लातूर परिसरात पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवल्या जाणाऱ्या मानसशास्त्राचा विचार करताना आम्हांला हाच प्रश्न आधी विचारावासा वाटतो. कारण मनाचे शास्त्र शिकणाऱ्याला उदाहरणे अखेर स्वतःच्याच मनातून काढावी लागतात, आणि ते मन घरच्या भाषेत बोलत असते.

१९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले व त्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते चालवले. उर्दूत मानसशास्त्राला 'नफ्सियात' म्हणतात. आधुनिक विद्या देशी भाषेत शिकवता येते, हे या प्रयोगाने दाखवले. पण नांदेडच्या मराठी मुलाच्या घरची भाषा ती नव्हती. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले; लातूरला १९६१ मध्ये दयानंद व १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय आले. उच्च शिक्षण दाराशी आले आणि कालांतराने विषयाने मराठी वेष घेतला.

हा वेष मात्र संस्कृतचा होता. वेदन, संवेदन, अवधान, अभिसंधान, प्रेरणा हे शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटतात, आणि तिथेच तो फसतो. 'वेदन' म्हणजे वेदना नव्हे. विस्तवाला हात भाजलेले मूल पुन्हा तिकडे जात नाही, हेही 'अध्ययन'च. परिभाषेला असा काटेकोरपणा लागतो, हे मान्यच. तरीही हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात आणि घरी बोलताना कामी येत नाहीत, हेही तितकेच खरे.

हे अंतर किती गंभीर आहे, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळले. किल्लारी परिसरात दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी कोणी 'धसका घेतला', कोणी 'हाय खाल्ली', कोणाचा 'जीव थाऱ्यावर' राहिला नाही. 'आघातोत्तर तणाव विकृती' या निदानाला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्थान मिळाले ते १९८० मध्ये, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांपूर्वी. भूकंपातून वाचलेल्यांच्या मनोविकारांचा प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही इंग्रजीत, अमेरिकेतील नियतकालिकात. ज्यांच्याविषयी तो होता, त्यांतील किती जणांना तो वाचता आला असता?

१९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि लातूरची महाविद्यालयेही त्याच्या कक्षेत आली. विषयाची सूत्रे अशा रीतीने प्रदेशाच्या हाती आली. मात्र विद्यापीठ जवळ आले म्हणून भाषा आपोआप जवळ येत नाही. 'धसका' हा शब्द शास्त्रीय नाही, हे सांगणे सोपे आहे. त्या शब्दात भीती, स्मृती आणि शरीर हे तिन्ही एकत्र कसे नांदतात, हे पहिल्या वर्षाच्या वर्गात उलगडून दाखवणे अवघड. आणि आमच्या मते मानसशास्त्राची खरी तोंडओळख तेथूनच सुरू होते. शब्दांच्या अशा छटा उलगडणे हे तर साहित्याच्या अध्यापकाचे नित्याचे काम. या दोन वर्गांमधली भिंत थोडी खाली आली, तर त्यात दोघांचेही भलेच आहे.