मोगलांचा वारसा : रुपया आणि दप्तर



मोगल साम्राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताजमहाल उभा राहतो. आज मात्र मी आपणास तहसील कचेरीत नेणार आहे. तेथील खरीप, रब्बी, जमाबंदी, महसूल हे शब्द फारसी दप्तरातले. (त्यांतील काही दख्खनच्या सुलतानांच्या काळीच मराठीत रुळले होते, हेही सांगितले पाहिजे.)

इ. स. १५८० मध्ये अकबराने ‘दहसाला’ पद्धत सुरू केली. तिचा शिल्पकार राजा तोडरमल. जमीन मोजावयाची, मागील दहा वर्षांचे पीक व बाजारभाव यांची सरासरी काढावयाची आणि तिसरा हिस्सा सरकारजमा करावयाचा, तोही बहुधा रोखीने. शेरशहाने (१५४०–४५) चालू केलेला चांदीचा रुपया त्यासाठी तयारच होता. सारा रोख भरावयाचा म्हणजे धान्य बाजारात नेणे आले. त्यातून कसबे वाढले, सराफांच्या हुंड्या फिरू लागल्या. सुरतेच्या बंदरात कापडाच्या मोबदल्यात परदेशी चांदी उतरू लागली. या रुपयाची पत केवढी, पाहा! ईस्ट इंडिया कंपनी १८३५ पर्यंत शाह आलमच्या नावाने रुपये पाडीत होती. बादशहा तर १८०६ सालीच वारला होता.

पण गौरव गाताना रयतेचे हाल झाकू नयेत. पुढे साऱ्याचा बोजा निम्म्या पिकापर्यंत गेला. जहागीरदाराची बदली तीन-चार वर्षांनी ठरलेली. त्याला जमिनीची काय पर्वा? पिळलेली कुळे शेते टाकून पळत. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना दिवाण मुर्शिद कुली खानाने उजाड गावे वसविण्यासाठी बैल-बियाण्याकरिता तगाई दिली. आपल्या आजोबांनी सरकारातून उचललेली तगाई ती हीच.

आता मुलांनी विशेष लक्ष द्यावे. सरकारी हिशेब फारसीतच ठेवावेत, असा हुकूम तोडरमलाने काढला. तेव्हा कायस्थ आणि खत्री घराण्यांनी कुरकुर न करता फारसी शिकून घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या दप्तरे सांभाळली. १८३७ मध्ये कंपनीने कचेऱ्यांतून फारसी काढली. त्याच घराण्यांतील मुले लगोलग इंग्रजी शाळांत जाऊन बसली. आपल्याकडे मात्र सर सय्यद अहमद यांची अलीगढची शाळा उघडण्यास १८७५ साल उजाडावे लागले.