मांडवीचे उंदीर आणि मदनपुऱ्याचा दरवाजा

इंग्रजी अमदानीत आमचे अर्जुनी मोरगाव भंडारा जिल्ह्यात होते. साथ आली की तिची पहिली नोंद गावचा कोतवाल करी. कोण जन्मले, कोण गेले, पटकीने, देवीने की नुसत्या तापाने, हे त्याने पोलीस ठाण्यात कळवायचे. ‘ताप’ या एका शब्दाखाली काय काय दडले असेल ते अल्लाहच जाणे! पण कोतवाल गावातलाच माणूस होता. कोणाच्या घरून जनाजा उठला हे त्याला कुणाला विचारावे लागत नसे.

मुंबईत ही ओळखच नव्हती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. वखारींत उंदीर मरून पडत होते, पण सरकारने शोध घेतला तो माणसांचा. नगरपालिकेच्या आकड्यांत प्लेगचे मृत्यू थोडे आणि एकूण मृत्यू मात्र नेहमीच्या सरासरीहून कितीतरी जास्त दिसू लागले. लोक रोग लपवत होते. का लपवणार नाहीत? कळवले की माणूस इस्पितळात आणि घरचे छावणीत जायचे!

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली. झडतीची पथके चाळी-चाळींत शिरू लागली. बायकांचा पडदा, मय्यताचा गुस्ल, दफनाची घाई, यांची त्यांना काय माहिती? घर राहण्यास अयोग्य ठरले की भिंतीवर ‘यूएचएच’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. ज्यांना ती वाचता येत नव्हती, त्यांनाही अर्थ कळत होता.

९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याकडे, रिपन रोडवर, उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आले. घरच्यांनी नकार दिला. बघता बघता दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसे मेली. दोन गोरे सैनिकही मारले गेले. आमच्या लोकांना अडाणी ठरवून हा प्रसंग सांगितला जातो, ते मला पटत नाही. याच शहरात आगाखानांनी हाफकिन यांची लस आपल्या जमातीसमोर टोचून घेतली आणि खोजांनी त्यांचे अनुकरण केले. विरोध औषधाला नव्हता, दरवाजा ढकलून आत येणाऱ्याला होता. त्यानंतर सरकारनेही जबरदस्ती सैल केली.

त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवून दिले की, प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो. हे सर्वांना पटायला आणखी काही वर्षे गेली. पुढे १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत शहरभरातून पकडलेले उंदीर येऊ लागले. कोणता उंदीर कोणत्या घरातला, याची नोंद ठेवली जाऊ लागली आणि आजारी पडलेल्या लेकीबाळींऐवजी पिंजरे मोजले जाऊ लागले.