तबकडीवरचा बाख आणि कासाल्स यांचे मौन

ग्रामोफोनच्या इतिहासात गळ्याला जे भाग्य लाभले, ते वाद्याला बराच काळ लाभले नाही. १९२५ सालापर्यंत ध्वनिमुद्रणात विजेचा उपयोग नव्हता. कलावंताने एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहायचे, त्याच्या आवाजाच्या कंपनाने पलीकडची सुई हलायची आणि फिरत्या मेणाच्या जाड वडीवर रेघ कोरली जायची. खणखणीत गळ्याचा गायक ह्या कर्ण्यातून बऱ्यापैकी पार पडे. व्हायोलिनचा आवाज मात्र वाटेतच विरून जाई, म्हणून लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा बसवलेले एक निराळेच व्हायोलिन ध्वनिमुद्रणासाठी वापरात आले. चेलोचे मंद्र स्वर तर दूरच्या खोलीत कुणी पुटपुटावे तसे उमटत. चौघा वादकांनी दिवाणखान्यात, एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहत वाजवायचे जे संगीत युरोपात ‘चेंबर म्युझिक’ म्हणून ओळखले जाते, त्याची अवस्था सर्वांत केविलवाणी होती. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत, म्हणून बेथोव्हनच्या रचनांनाही कात्री लागे.

ह्या प्रारंभकाळातील एक नाव आपण लक्षात ठेवावे असे आहे. फ्रेड गेसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे फिरते ध्वनिमुद्रक. १९०२ ह्या एकाच वर्षी त्यांनी मिलानमध्ये एन्रिको कारुसो यांना कर्ण्यासमोर उभे केले, रोममध्ये सिस्टाइन चॅपेलच्या गायकवृंदातील आलेस्सांद्रो मोरेस्की यांचा आवाज टिपला आणि वर्ष संपण्यापूर्वी कलकत्त्यात गौहरजान यांची गाणी मेणावर उतरवली. व्हॅटिकन आणि कलकत्त्याची मैफल एकाच माणसाने एकाच वर्षी मुद्रित करावी, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

आणखी एक धागा आपल्या भूमीशी जोडलेला आहे. ती काळी तबकडी ज्या राळेने घट्ट होई, ती राळ म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुंब ह्या झाडांच्या फांद्यांवर इवलासा कीटक जो स्राव सोडतो, तो खरवडून, वितळवून, शुद्ध करून जगभर जाई. त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळली की तबकडीचा लगदा तयार. ह्या लाखेचे मोठे माहेरघर म्हणजे छोटा नागपूर, फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांची मिशनभूमी. बर्लिनच्या किंवा लंडनच्या दिवाणखान्यात बाखचे सूर निघत, तेव्हा त्या सुरांखाली बहुधा रानात राबलेल्या आपल्या आदिवासी बांधवांचे श्रम असत. हे त्या श्रोत्यांना क्वचितच ठाऊक असेल.

१९२५ साली मायक्रोफोन आला आणि चित्र पालटले. पुढच्याच वर्षी, १९२६ च्या जुलैत, लंडनमध्ये तिघे वादक एकत्र बसले. पियानोवर आल्फ्रेद कोर्तो, व्हायोलिनवर जाक तिबो आणि चेलोवर पाब्लो कासाल्स. त्यांनी शूबर्टची बी फ्लॅट त्रिवाद्यरचना मुद्रित केली. त्यानंतरच्या दोन वर्षांत हायडन, मेंडेल्सन, शूमान आणि बेथोव्हन यांच्या त्रिवाद्यरचना आल्या. आजही ही ध्वनिमुद्रणे ऐकताना तिघांचे श्वास वेगळे आणि बोलणे एक, असा अनुभव येतो. बैठकीतील संगीताचा आत्मा तबकडीत उतरू शकतो, हे प्रथम येथे पटले.

ह्या तिघांपैकी कासाल्स हे आपल्या विषयाचे खरे नायक. त्यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजी स्पेनमधील काटालोनियात, एल वेंद्रेल ह्या गावी झाला. काटालान भाषेत त्यांचे नाव पाउ. ह्या शब्दाचा दुसरा अर्थ शांती. वडील कार्लेस हे गावच्या चर्चमधील ऑर्गनवादक आणि गायकवृंदाचे शिक्षक. मुलगा पाचव्या वर्षीच गायकवृंदात उभा राहिला आणि पाय ऑर्गनच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचू लागले तसा वडिलांच्या जागी वाजवूही लागला. गोव्याच्या पॅरिश-शाळांत मेस्त्रींच्या छडीखाली सोल्फेज गिरवून पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत गेलेल्या वादकांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे बालपण परके वाटणार नाही. लहानग्या पाउचे पहिले चेलोसारखे वाद्य म्हणजे सुकवलेल्या भोपळ्याला दांडी आणि एक तार लावलेले खेळणे. ते अद्याप एल वेंद्रेलला जपून ठेवले आहे. तंबोऱ्याचा भोपळा पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना त्यात नवल नाही, पण त्यातून जो स्वर पुढे निघाला त्याचे नवल आहेच.

१८९० साली तेरा वर्षांचा हा मुलगा वडिलांबरोबर बार्सेलोनाच्या बंदराजवळील एका दुकानात जुन्या स्वरलिप्यांचे गठ्ठे चाळत होता. त्यात त्याला बाखचे चेलोसाठी लिहिलेले सहा स्वीट सापडले. अशी काही रचना अस्तित्वात आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते.

स्वीट म्हणजे नृत्यचालींची माला. प्रारंभी प्रस्तावना, मग आलमांद, कुरांत, साराबांद, त्यानंतर एखादी हलक्या नृत्यांची जोडी आणि शेवटी झीग, असा तिचा क्रम. योहान सेबास्टिअन बाख यांनी हे सहा स्वीट १७२० च्या सुमारास, कोथेन येथील राजपुत्राच्या सेवेत असताना रचले. बाखच्या हातची मूळ प्रत उरलेली नाही; आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः त्यांच्या द्वितीय पत्नी आना माग्दालेना यांनी काढलेली नक्कल. सुमारे शंभर वर्षे ही रचना छापलीच गेली नाही आणि १८२० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये छापली गेली तेव्हा शीर्षकात ‘सोनाता अथवा अभ्यास’ असे शब्द घातले गेले. अभ्यास म्हणजे बोटांना वळण लावण्याचा पाठ. एका चेलोने, साथीला कुणी नसताना, आख्खा स्वीट सभागृहात वाजवावा, ही कल्पनाच बहुतेकांना रुक्ष वाटे. कासाल्स यांनी बारा वर्षे ह्या रचनांची एकांतात साधना केली आणि त्यानंतरच पूर्ण स्वीट श्रोत्यांसमोर ठेवला. १९१५ साली अमेरिकेत त्यांनी तिसऱ्या स्वीटमधील काही चाली कर्ण्यासमोर वाजवल्या. पण साहाही स्वीट मुद्रित करावेत ह्या मागणीला त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत होकार दिला नाही.

त्या काळात असे ध्वनिमुद्रण परवडायचे कुणाला? लोकप्रिय गाण्याच्या तबकड्या खपत, गंभीर रचनांच्या पडून राहत. ह्यावर वॉल्टर लेग ह्या तरुण अधिकाऱ्याने तोड काढली. आधी वर्गणीदार जमवायचे, पुरेसे झाले की मगच तबकड्या काढायच्या. १९३१ साली हूगो वोल्फच्या गीतांसाठी पाचशे वर्गणीदारांची अट घालण्यात आली आणि ती पुरी व्हायला जपानमधील शंभरावर रसिकांचा हातभार लागला. ह्याच पद्धतीने आर्तुर श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ ह्या काळात बेथोव्हनचे बत्तीसही पियानो-सोनाता प्रथमच पूर्ण मुद्रित केले. काम निम्म्यावर असताना, १९३३ साली, ह्या ज्यू वादकाला बर्लिन सोडावे लागले. आपल्या धर्मग्रामांत चर्चच्या घंटेसाठी घरोघर वर्गणी गोळा होते, तशी ही बेथोव्हनची वर्गणी म्हणायची.

बाखच्या स्वीटांची पाळी आली तेव्हा स्पेनमध्ये आग लागली होती. १८ जुलै १९३६ च्या संध्याकाळी कासाल्स बार्सेलोनात बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम घेत होते. लष्कराने उठाव केल्याचा निरोप आला आणि सभागृह तातडीने सोडावे, असे सांगण्यात आले. वादकांनी आणि गायकांनी निघण्यापूर्वी शेवटचा भाग पूर्ण केला आणि मगच ते एकमेकांचा निरोप घेऊन पांगले. त्यानंतर चार महिन्यांनी, नोव्हेंबर १९३६ मध्ये, कासाल्स लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत एका खुर्चीवर बसले आणि दुसरा व तिसरा स्वीट मुद्रित झाला.

आज चुकलेला स्वर काढून तेथे दुसरा जोडता येतो. त्या वेळी तसे काहीच शक्य नव्हते. मेणाची वडी फिरू लागली की बाजू संपेपर्यंत थांबता येत नसे, आणि मुद्रण ऐकण्यासाठी सुई पुन्हा त्या मेणावरून फिरवली तर ती वडी निकामी होई. चूक झाली तर नवी वडी घ्यायची आणि पहिल्यापासून वाजवायचे. योगायोग असा की बाखच्या नृत्यचाली लहान असल्याने तबकडीच्या चार मिनिटांत बऱ्याच नीट बसत. सिंफनीचे जसे मध्येच तुकडे पडत, तसे येथे फारसे पडले नाहीत. कासाल्स यांचा गज तारेवर घासल्याचा खरखरीत आवाज, बोटे पट्टीवर आपटल्याचा ठोका, मध्येच नाकातून निघालेला सुस्कारा, सगळे त्या मेणात राहिले आहे. नंतरच्या पिढ्यांनी ह्याहून निर्मळ वाजवले, हे मान्य करायला हवे. तरी मला त्या खरखरीत माणूस भेटतो.

मार्च १९३८ मध्ये इटालियन विमानांनी बार्सेलोनावर बाँब टाकले. शेकडो नागरिक मेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कासाल्स यांनी पॅरिसला पहिला आणि सहावा स्वीट मुद्रित केला. २६ जानेवारी १९३९ रोजी बार्सेलोना जनरल फ्रँको यांच्या सैन्याच्या हाती पडले आणि कासाल्स कायमचे देशाबाहेर गेले. उरलेले दोन, चौथा आणि पाचवा, त्यांनी जून १९३९ मध्ये पॅरिसला वाजवले तेव्हा ते निर्वासित होते. पाचव्या स्वीटमधील साराबांद ऐकावी. इतर साराबांदांत बाख दोन-तीन तारा एकत्र छेडून भरीव नाद उभा करतात; येथे तसे एकही स्वरपुंज नाही. एकटा स्वर उतरतो, थांबतो, पुन्हा उतरतो. ती रचना दोनशे वर्षांपूर्वीची. पण ती वाजवली गेली तो महिना विसरून मला ती ऐकता येत नाही.

येथे एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे बरे नव्हे. त्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूच्या प्रदेशात सहा हजारांहून अधिक धर्मगुरू आणि व्रतस्थ मारले गेले, चर्चेस जाळली गेली, आणि काटालोनियाही त्याला अपवाद नव्हता. १९३७ साली स्पेनच्या बहुतेक बिशपांनी सामुदायिक पत्र काढून फ्रँको यांची बाजू घेतली. कासाल्स प्रजासत्ताकाच्या बाजूचे. ज्याचे बालपण चर्चच्या ऑर्गनपाशी गेले आणि ज्याने पुढे मोन्सेरातच्या मठातील बालगायकवृंदासाठी ‘निग्रा सुम’ ही मरियास्तुती रचली, तो हा माणूस. तो धर्माचा शत्रू होता, असे कोण म्हणेल? कासाल्स ज्या तारागोना प्रांतातले, तेथील आर्चबिशप कार्डिनल विदाल इ बाराकेर यांनीही त्या पत्रावर सही केली नाही आणि १९४३ साली ते परदेशातच निवर्तले. श्रद्धावंत माणसे दोन्हीकडे होती आणि दोन्हीकडे रक्त सांडत होते. एका बाजूचेच अश्रू मोजणाऱ्या इतिहासावर माझा विश्वास नाही.

कासाल्स यांनी फ्रान्सच्या सीमेवरील प्राद ह्या गावी बिऱ्हाड केले. आसपासच्या छावण्यांत हजारो स्पॅनिश निर्वासित थंडीत कुडकुडत होते. त्यांच्यासाठी अन्न, कपडे आणि औषधे जमवण्यासाठी ते रोज पत्रे लिहीत. महायुद्ध संपल्यावर विजयी राष्ट्रे फ्रँको यांनाही पायउतार करतील, अशी त्यांची आशा होती. तसे काही होणार नाही हे १९४५ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांना कळून चुकले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांनी देऊ केलेल्या सन्मान्य पदव्या त्यांनी नाकारल्या, दौरा आटोपता घेतला, आणि फ्रँको यांच्या राजवटीला मान्यता देणाऱ्या देशांत आपण वाजवणार नाही असे जाहीर केले. पुढची काही वर्षे ते सभागृहात गेलेच नाहीत.

मला विचारात पाडणारी गोष्ट ती हीच. वादकाने आपल्या हातातील एकमेव शस्त्र, म्हणजे न वाजवणे, वापरले. परंतु तबकड्यांनी मौन धरले नाही. जेथे कासाल्स स्वतः पाऊल ठेवायला तयार नव्हते, तेथील घराघरांत त्यांचा गज फिरतच होता. ह्याने त्यांचा निषेध पातळ झाला, असे कुणी म्हणेल. मला उलटे वाटते. तबकडी नसती तर लोक त्यांना चार वर्षांत विसरले असते आणि त्या मौनाची दखल घ्यायला कुणी उरले नसते. आपण काय गमावत आहोत हे लोकांना तबकडीमुळेच ऐकू येत होते.

शेवटी ते श्रोत्यांकडे जाईनात, तर श्रोते त्यांच्याकडे आले. बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या १९५० साली, व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांच्या खटपटीने, प्रादच्या संत पेत्राच्या चर्चमध्ये संगीतमहोत्सव भरला. रुडॉल्फ सेर्किन, आयझॅक स्टर्न, योझेफ सिगेती असे वादक त्या लहानशा गावात राहायला आले. तो नेमही आता भरू लागला. कोर्तो यांनी युद्धकाळात व्हिशी सरकारची साथ केली म्हणून तुटलेला स्नेहही १९५८ साली प्रादलाच पुन्हा जुळला. दोन म्हाताऱ्यांनी मिळून बेथोव्हन वाजवला. १३ नोव्हेंबर १९६१ रोजी, अध्यक्ष केनेडी यांच्याविषयीच्या आदरापोटी नेमाला अपवाद करून, कासाल्स यांनी व्हाइट हाउसमध्ये मेंडेल्सनची डी मायनर त्रिवाद्यरचना वाजवली. तीच रचना त्यांनी १९२७ साली कोर्तो आणि तिबो यांच्यासह मुद्रित केली होती. व्हाइट हाउसमधील मैफलही मुद्रित झाली, आणि दोन्ही ध्वनिमुद्रणे आज शेजारी ठेवून ऐकता येतात. पहिल्यात गज उडतो, दुसऱ्यात जड झालेला आहे, आणि वादकाचे गुणगुणणे स्पष्ट ऐकू येते.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजी कासाल्स प्वेर्तो रिकोमध्ये, आईच्या जन्मभूमीत, निवर्तले. फ्रँको त्यांच्यानंतर दोन वर्षे जगले. १९७९ साली कासाल्स यांचे अवशेष एल वेंद्रेलला आणण्यात आले. स्वीटांची ती ध्वनिमुद्रणे लाखेच्या तबकडीवरून लाँग प्लेइंगवर आणि तेथून कॉम्पॅक्ट डिस्कवर गेली. ज्यांना ऐकायची असतील, त्यांनी पहिल्या स्वीटने सुरुवात करावी आणि पाचवा एखाद्या शांत रात्रीसाठी राखून ठेवावा.