पेनंट मेलान्गेल

वेल्समधील एक लहान ग्रामीण पॅरिश व तेथील तीर्थक्षेत्र. पूर्वीच्या माँटगोमरीशर परगण्यातील हे ठिकाण 1974 पासून पॉविस परगण्यात मोडते. बर्विन डोंगररांगेच्या कुशीत, तानत नदीच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला ते वसले आहे. लँगिनॉग या जवळच्या गावापासून पश्चिमेस सुमारे 3 किमी. गेलेला अरुंद रस्ता चर्चपाशी संपतो. वस्ती मोजक्या शेतघरांची.

चर्चचे नाव संत मेलान्गेल हिच्यावरून पडले. ती आयर्लंडच्या एका राजाची कन्या. नको असलेला विवाह टाळण्यासाठी ती या दरीत येऊन एकांतात राहिली, असे कथा सांगते. 604 मध्ये पॉविसचा राजा ब्रोख्वेल शिकारीला आला असता कुत्र्यांनी पिटाळलेला ससा तिच्या वस्त्राच्या घोळात शिरला आणि कुत्री मागे हटली. राजाने ती जमीन तिला अभयक्षेत्र म्हणून दिली. हे साल ब्रोख्वेलच्या मानल्या जाणाऱ्या काळाशी नीट जुळत नाही. कथा लिहिली गेली तीही कित्येक शतकांनंतर. तरीही या भागात तिचा अंमल खरा होता. सतराव्या शतकापर्यंत या पॅरिशमध्ये कोणी ससा मारत नसे, असे अठराव्या शतकातील प्रवासवर्णनकार टॉमस पेनंट याने नोंदवले आहे. सशांना ‘मेलान्गेलची कोकरे’ म्हणत. राजाज्ञेने नव्हे, तर लोकश्रद्धेने एवढा काळ पाळलेले हे अभय म्हणजे या पॅरिशच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

आजच्या दगडी चर्चचा सर्वांत जुना भाग बाराव्या शतकातील आहे. त्याच शतकात संताच्या अस्थींसाठी कोरीव खांब व कमानींचे उंच स्मारक उभारले गेले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर ते मोडण्यात आले. मात्र त्याचे दगड वाया गेले नाहीत; गवंड्यांनी ते चर्चच्या भिंतींत आणि आवाराच्या छपरी प्रवेशद्वारात बसवून टाकले. त्या काटकसरीमुळेच हे स्मारक वाचले, असे म्हणावे लागेल. हे तुकडे काढून 1958 मध्ये त्याची पुनर्रचना झाली. पुढे इमारत मोडकळीस आली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन आणि जीर्णोद्धार सुरू झाला, तेव्हा पूर्वेकडील अर्धवर्तुळाकार दालनाचा मूळ पाया उजेडात आला. ते दालन जुन्या पायावर पुन्हा बांधले गेले आणि स्मारक वेदीच्या भागात हलवण्यात आले.

आतील पंधराव्या शतकातील लाकडी पडदीवर राजा, संत आणि ससा यांची कथा कोरलेली आहे. दोन मध्ययुगीन शिल्पाकृतींपैकी स्त्रीची आकृती मेलान्गेलची मानतात. पुरुषाची आकृती वेल्सचा राज्यकर्ता थोरला लुएलिन याचा पिता योर्वर्थ याची असल्याचे परंपरा सांगते. गोलाकार आवारातील प्राचीन यू वृक्ष चर्चहून पुष्कळ जुने असावेत.

उत्तर युरोपात टिकून राहिलेल्या रोमनेस्क शैलीच्या संतस्मारकांत मेलान्गेलचे हे स्मारक सर्वांत जुने मानले जाते. त्याचे सगळे तुकडे मिळाले नाहीत. भेट देणाऱ्याने मूळ कोरीव दगड आणि नव्याने भरलेला भाग यांतला फरक निरखून पाहावा.