घाटातली बारी कोण थांबवणार?

भंडारदऱ्याला घाट कुठे आहे असं विचारलं, तर माणसं पश्चिमेकडे हात करतात. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावं मागे टाकत घाटघरला पोचलं की जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसू लागतं. त्या गावाचं नावच घाटावरून पडलेलं आहे. याच अकोले तालुक्यातून कोतूळ, ब्राह्मणवाडा करत पलीकडे ओतूरला गेलं, की मात्र शब्दाचा अर्थ बदलतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ आणि आपल्या नगर जिल्ह्यातलं पारनेर या पट्ट्यात चैत्रातल्या यात्रांच्या दिवसांत 'घाटात चाललोय' असं कुणी म्हणालं, तर तो डोंगर उतरायला निघालेला नसतो. तो बैलगाड्याला निघालेला असतो.

हा घाट म्हणजे माळावर किंवा शेतात आखलेली चढाची सरळ पट्टी. दोन्ही अंगांना मातीचे बांध, त्यांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं, वरच्या टोकाला निशाण. खाली चार बैल जुंपतात, पुढची जोडी जुकाटाला आणि मागची धुरेला. पुष्कळदा सगळ्यांच्या पुढे घोडी असते. गाडा सुटतो, दहा-पंधरा सेकंदांत वर पोचतो, आणि ध्वनिक्षेपकावरून सेकंद पुकारले जातात. एका वेळी एकच गाडा धावतो, त्याची झुंज शेजारच्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते. या एकेका धावेला 'बारी' म्हणतात. सर्वांत कमी वेळात चढणारा 'घाटाचा राजा' ठरतो.

मोटारींच्या जगात याच खेळाला 'हिल क्लाइंब' म्हणतात. तिथेही चढ, एका वेळी एक गाडी आणि घड्याळ. इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्शच्या टेकडीवर हा खेळ १९०५पासून चालू आहे आणि त्या मार्गाची लांबी हजार यार्ड आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या नियमांत बैलगाडीच्या शर्यतीला घातलेली कमाल मर्यादा हजार मीटरची. हा निव्वळ योगायोग आहे, पण दोन्ही खेळांचा जीव केवढा, हे त्यावरून कळतं. दोन्हींचे खेळाडूही बहुतांशी हौशीच. बक्षिसात जे मिळतं त्याहून जास्त बैलाच्या खुराकावर किंवा इंजिनावर गेलेलं असतं.

चढावरची शर्यत सपाटीवरच्या शर्यतीपेक्षा कमी धोक्याची, असा एक समज आहे. त्यात तथ्यही आहे, कारण चढ स्वतःच वेग खातो. पण धोका त्यामुळे नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. मोटारीत निदान कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलेला असतो. या घाटातल्या गाड्यावर सहसा माणूसच नसतो. बैल सुटले की निशाणापर्यंत त्यांच्यावर कुणाचीही सत्ता चालत नाही, आणि निशाण ही माणसाची खूण आहे, बैलाची नव्हे. ते रेषा ओलांडून तसेच पुढे धावत राहतात. म्हणून वरच्या टोकाला त्यांना धरणारी माणसं उभी असतात. त्यांच्यामागे त्यांचे दोस्त आणि गुलालाची परात घेतलेले गाडामालकाचे भाऊबंद. म्हणजे वेग जिथे सर्वांत बेभरवशाचा, तिथेच गर्दी सर्वांत दाट. बांधावरच्या माणसाची गत थोडी बरी, पण एखादा बैल बिचकून तिरका झाला तर बांध किती उंच आहे एवढ्यावरच सगळं ठरतं. यात्रांच्या दिवसांत शर्यतीत प्रेक्षक चिरडल्याच्या बातम्या पुणे, सातारा, सांगली, रायगड अशा जिल्ह्यांतून येतात. दोन परिच्छेदांत त्या संपतात, आणि शेवटचं वाक्य बहुधा अकस्मात मृत्यूची नोंद झाल्याचं असतं.

इंग्लंडमध्ये अशीच एक छोटी बातमी मोठी ठरली, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. बकिंगहॅमशायरमध्ये कॉप हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावरच्या सार्वजनिक रस्त्यावर १९१०पासून मोटारी चढवण्याच्या शर्यती व्हायच्या. काही ठिकाणी चढ चारास एक इतका खडा, आणि लोक रस्त्याच्या दोन्ही कडांवर, आपल्या घाटांत बसतात तसेच. २८ मार्च १९२५ रोजी फ्रान्सिस गिव्हिन नावाचा एक तरुण बुगाटी घेऊन चढत होता. गाडी ताब्यातून गेली, कडेच्या बांधावर चढली आणि तिथल्या एका प्रेक्षकाचा पाय मोडला. मेलं कुणी नाही. त्या काळच्या शर्यतींच्या मानानं हा अपघात किरकोळच म्हणायचा. पण मोटार क्लबच्या निरीक्षकानं ती सभा तिथल्या तिथे बंद केली आणि लोकांना घरी पाठवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत रॉयल ऑटोमोबाइल क्लबनं सार्वजनिक रस्त्यांवरच्या वेगाच्या शर्यतींना परवाने देणंच थांबवलं. खेळ मेला नाही. तो शेल्सली वॉल्शसारख्या खासगी टेकड्यांवर गेला, जिथे लोकांनी कुठे उभं राहायचं हे जागेच्या मालकाला ठरवता येत होतं.

मला या प्रसंगात परवाने बंद होण्यापेक्षा त्या निरीक्षकाचं मोल जास्त वाटतं. भर शर्यतीत, लोक जमलेले असताना, 'आता बस्स' म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे होता आणि त्यानं तो वापरला. हे नेहमी घडत नाही. १९५५मध्ये ल मान्सला गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं मेली, तरी शर्यत चालूच राहिली. थांबवली तर परतणाऱ्या गर्दीनं रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडकतील, असा आयोजकांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ होता असं म्हणवत नाही. पण मार्च १९८६मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत सिंत्राजवळच्या डोंगररस्त्यावर फोर्डची गाडी गर्दीत शिरून तिघं गेले, तेव्हाही आयोजकांनी रॅली चालूच ठेवली. तिथे लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहत आणि गाडी अंगावर आली की बाजूला होत. धावत्या गाडीला हात लावता आला तर ती मर्दुमकी समजली जाई. शेवटी कंपन्यांच्या संघांतल्या चालकांनीच एकत्र येऊन पुढे गाडी चालवायला नकार दिला. जे काम आयोजकांचं, ते खेळाडूंना करावं लागलं. आपल्या घाटात खेळाडू बैल आहेत, आणि त्यांना निवेदन काढता येत नाही.

आपल्याकडे थांबवण्याचा अधिकार गेला तो थेट न्यायालयात. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं ११ जुलै २०११ रोजी खेळ-प्रदर्शनात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०१२मध्ये शर्यतींवरची बंदी उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यत दोन्ही बेकायदा ठरवल्या. २०१७मध्ये राज्यानं स्वतःचा कायदा केला, तर त्याच वर्षी उच्च न्यायालयानं परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींची वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बारा वर्षांची ही लढाई घाटावरच्या गावांना तारखांसकट पाठ आहे.

पण ही लढाई बैलाच्या वेदनेवरून झाली. ते योग्यच होतं, कारण शेपट्या पिरगाळणं, आरी टोचणं, दारू पाजणं हे प्रकार कुणी कल्पनेतून काढलेले नव्हते. कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे, तो बैलाला क्रूरतेनं वागवण्याबद्दल. बैल धडधाकट असल्याचा दाखला पशुवैद्यानं द्यायचा. बांधावर बसलेल्या माणसाचा विचार या सगळ्यात कडेकडेनं येतो. एका बाजूचे वकील बैलाच्या वतीनं बोलत होते, दुसऱ्या बाजूचे परंपरेच्या वतीनं. ज्याचा पाय मोडतो त्याचा वकील त्या खोलीत नव्हता.

त्याच नियमांत एक कलम मोठं गमतीचं आहे. आयोजकानं शर्यतीचं चित्रीकरण करून ते प्रशासनाला द्यायचं आहे. कॅमेरा आणला तो साक्षीदार म्हणून. पण घाटात शिरल्यावर कॅमेरा नुसता साक्षीदार राहत नाही.

दूरचित्रवाणीनं शर्यतीच्या खेळाचं काय होतं, याचा एक नामी दाखला १९६७चा आहे. इंग्लंडमधल्या रॅली जंगलात आणि रात्री चालायच्या, त्या पडद्यावर दाखवायच्या कशा? 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' या कार्यक्रमाचे निर्माते रॉबर्ट रीड आणि आयोजक बड स्मिथ यांनी त्यावर तोड काढली. रॅलीच्या गाड्या लिडनच्या एका छोट्या, खोलगट मैदानात आणल्या आणि ४ फेब्रुवारी १९६७ रोजी थेट कॅमेऱ्यासाठीच शर्यत घेतली. 'रॅलीक्रॉस' हा खेळ असा जन्मला, आणि पहिली शर्यत व्हिक एल्फर्डनं पोर्शमधून जिंकली. (त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडची मुख्य रॅली रद्द करावी लागली, कारण गुरांना लाळ-खुरकताची साथ आली होती. २०२२मध्ये लंपीच्या साथीत आपल्याकडच्या बैलगाडी शर्यती थांबल्या. गुरांच्या रोगासाठी शर्यत थांबवायला दोन्हीकडे कुणाला फार वाद घालावा लागला नाही, हे नोंदवून ठेवावं.) रॅलीक्रॉसमध्ये कॅमेऱ्याच्या गरजेनं एक चांगलं झालं. खेळ बंदिस्त जागेत आला, त्यामुळे प्रेक्षक एका बाजूला आणि गाड्या दुसऱ्या बाजूला ठेवणं सोपं गेलं.

कॅमेऱ्याचा उलटा परिणाम पाहायचा तर अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर जावं. १९१६पासून तिथे डोंगर चढण्याची शर्यत होते. अंतर सुमारे २० किलोमीटर, वळणं १५६. आरी वाटानेननं १९८८मध्ये तिथे केलेल्या चढाईवर 'क्लाइंब डान्स' नावाचा छोटा चित्रपट निघाला. मातीचा रस्ता, कठडा नाही, आणि सूर्य डोळ्यांत येतो म्हणून एक हात कपाळाशी धरून दुसऱ्या हातानं गाडी वळवणारा वाटानेन. जगभरच्या हौशी चालकांच्या डोक्यात हे चित्र बसलं. चित्रपट सुंदरच आहे. पण धोका जवळून दिसला तरच तो चांगला दिसतो, हे त्यानं एकदा कायमचं शिकवलं.

आपल्याकडे बंदी उठल्यावर फेब्रुवारी २०२२मध्ये निमगाव दावडीच्या घाटात शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे घोडीवर बसून गाड्यापुढे धावले. छोट्या पडद्यावर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज साकारलेला माणूस, भरधाव घोडी आणि मागे बैल. तसा शब्दच त्यांनी दिलेला होता. वाहिन्यांनी ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं. मे २०२२ अखेरीस पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत झालेल्या शर्यतीत बक्षिसाला जेसीबी होता. आज बहुतेक मोठे घाट मोबाइलवर थेट दिसतात. ड्रोन वर फिरतो, सेकंद यंत्रावर मोजले जातात, समालोचकाला नावानं ओळखणारे लोक आहेत. बैलाची किंमत त्याच्या गाजलेल्या बारीच्या चित्रफितीवर चढते.

यात वाईट काही नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. चांगलं चित्र बांधावरून मिळत नाही, ते घाटाच्या तोंडाशी आणि निशाणाच्या मागे मिळतं, म्हणून जिथे कुणीच असू नये तिथे मोबाइल उंचावलेली पोरं दिसतात. दुसरी अडचण अधिक अवघड आहे. शेकडो टोकनं वाटलेली आहेत, सूर्य मावळायच्या आत बाऱ्या संपवायच्या आहेत, मंचावर पाहुणे आहेत, प्रक्षेपण चालू आहे. अशा वेळी घाटात माणसं उतरली म्हणून पुढचा गाडा रोखून धरायचा कुणी? समालोचक विनवण्या करतो, 'बाजूला व्हा, घाट मोकळा करा,' आणि त्याच दमात पुढच्या गाडामालकाचं नाव पुकारतो. यात्रा समितीतले लोक गावचेच. आपल्याच भावकीतल्या गाड्याला 'थांब' म्हणणं सोपं नाही.

मोटारींच्या खेळात संघटना, परवाने, विमा सगळं असूनही हे जमतंच असं नाही. २१ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल शिरली आणि गौरव गिल या अर्जुन पुरस्कारविजेत्या चालकाच्या गाडीखाली एकाच कुटुंबातले तिघं गेले. रस्ता बंद होता, पण गावातल्या माणसाला तो रोजचाच रस्ता होता. सार्वजनिक रस्ता शर्यतीसाठी बंद झाला आहे हे कागदावर ठरतं, वाटेनं जाणाऱ्याला ते दिसावं लागतं. घाट त्या मानानं नशीबवान. तो बांधलेला आहे, सरळ आहे, त्याची दोन्ही टोकं माहीत आहेत. वरच्या टोकाला बैलांना धावून थांबायला मोकळं रान ठेवता येतं, धरणाऱ्यांखेरीज तिथे कुणी नको असं ठरवता येतं, बांध माणसाच्या छातीएवढा करता येतो. खालच्या सोडणाऱ्याच्या हाती एक लाल झेंडा आणि तो वर गेला की गाडा सुटणार नाही एवढा करार, याला जेसीबीइतका खर्च येत नाही. मात्र तो झेंडा हाती घेणारा माणूस गावाबाहेरचा हवा, आणि त्याचा शब्द खासदारालाही लागू हवा.

भंडारदऱ्याला परतताना जलाशयाभोवतीचा रस्ता लागतो, साम्रद, रतनवाडीवरून शेंडीला येणारा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्यावर मोटारसायकलींचे जथे असतात, शिरस्त्राणावर कॅमेरा लावलेले. चढ आहे, वळणं आहेत, घड्याळ मोबाइलमध्ये आहे, आणि कडेनं भाताची रोपं डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाया आहेत. इथे ना बांध, ना निशाण, ना समालोचक. परवाना कुणी मागितलेला नाही, त्यामुळे तो नाकारायलाही कुणी नाही.