स्किनहेड
* स्किनहेड : स्किनहेड टोळक्यांचे चित्र शेन मेडोज यांच्या ‘धिस इज इंग्लंड’ (२००६) या चित्रपटात आहे. साल १९८३. फॉकलंड युद्धात वडील गमावलेला १२ वर्षांचा शॉन स्किनहेड टोळक्यात आधार शोधतो. या पोरांना सरसकट वंशद्वेष्टे समजणे चूक आहे. १९६०च्या दशकाअखेरीस ब्रिटनमधल्या कामगार वस्त्यांत ही टोळकी वाढली ती जमैकातून आलेल्या शेजाऱ्यांच्या स्का आणि रेगे संगीतावर. भारी बूट, गॅलिस, बारीक कापलेले केस हा कष्टकरी घरांतल्या मुलांचा अभिमान होता. पुढे बेकारी वाढली आणि ‘नॅशनल फ्रंट’ या अतिउजव्या पक्षाने त्यांच्यातल्या अनेकांचा राग स्थलांतरितांकडे वळवला. चित्रपटातला, तुरुंगातून सुटलेला कॉम्बो त्याच वाटेने गेलेला. टोळक्यातला जमैकन वंशाचा मिल्की आपल्या भरल्या घराविषयी प्रेमाने बोलू लागतो, आणि कॉम्बो त्याला बेदम मारतो. द्वेषामागचे पोरकेपण इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने चित्रपटाला ‘१८’ प्रमाणपत्र दिले. त्यामुळे ज्यांनी तो पाहायलाच हवा होता, त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना बहुतेक ठिकाणी थिएटरचे दार बंद राहिले. — संपा.